चिलखतावरील जंगाल

गेल्या महिन्यांत आमच्या एका वाचकभगिनींचें पत्र आलें. पत्र लांब आहे, व त्यांतील सगळा घरगुती मजकूर छापण्याचें कारण नाहीं; परंतु त्याचा इत्यर्थ असा: त्यांचे धाकटे चिरंजीव कॉलेजच्या पहिल्या वर्षांत आहेत. अभ्यासांत ते मागें नाहींत. पण रविवार उजाडला कीं खिडकीशीं टेबल ओढावें, बोटाच्या दोन पेरांएवढे धातूचे शिपाई पुढ्यांत घ्यावे आणि भिंग लावून ते रंगवीत बसावें, हा त्यांचा क्रम. येथवर कोणाचीच तक्रार नव्हती. मध्यंतरीं त्यांनीं एका शिपायाचें चिलखत सोन्यासारखें झळझळीत रंगविलें आणि घरांतील सर्वांनीं त्याचें कौतुक केलें. दुसऱ्या दिवशीं पाहतात तों त्याच चिलखतावर शेवाळासारखा हिरवा रंग! आजोबांनीं तें पाहून ‘चांगली वस्तु नासण्याला हल्लीं कला म्हणतात काय?’ असा प्रश्न केला, आणि उत्तराची वाट न पाहतां शिपायांची पेटी आपल्या कपाटांत ठेवून कुलूप लावलें. तेव्हांपासून नातू आजोबांशीं बोलत नाहीं, व आजोबा पानावर बसल्यावर नातवाकडे पाहत नाहींत. आमच्या भगिनी विचारतात: हा हिरवा रंग कशासाठीं? यांत विषारी असें कांहीं नाहीं ना? आणि पेटी परत मागण्यासाठीं मामंजींपुढें कोणत्या तोंडानें जावें?

तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें क्रमानें देतों. तिसऱ्याचें उत्तर देतांना आमच्याच घरची एक गोष्ट सांगावी लागेल. ती शेवटीं सांगूं.

आमच्या बहुतेक वाचकांच्या घरीं निदान देवपूजेचीं उपकरणीं तरी अद्याप तांब्यापितळेचीं असतील. ताम्हन चिंचेनें घासून घाईघाईनें विसळलें आणि कांठाच्या वळणांत चिंचेचा कोळ राहिला, तर दुसऱ्या दिवशीं तेथें निळसर हिरवी रेघ उमटलेली दिसते. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यांत ताक राहिलें तर तें कळकतें, हें कळण्यास आपल्या आजीपणजीला रसायनशास्त्राची गरज पडली नाहीं. आंबट द्रव्याच्या संगतीनें तांब्याचा जो हिरवा क्षार बनतो, तोच जंगाल. हा शब्द आपल्याकडे फारशींतून आला. युरोपांत त्यास जें नांव रूढ आहे, त्याचा जुन्या फ्रेंच भाषेंतील अर्थ ‘ग्रीसचा हिरवा’ असा होतो. फ्रान्समधील माँपेलिए या गांवीं अठराव्या शतकांत जंगाल करण्याचा मोठा धंदा होता. घरोघरच्या तळघरांत बायका तांब्याचे पत्रे आंबलेल्या द्राक्षांच्या देंठांत थरावर थर लावून ठेवीत, आणि पत्र्यांवर चढलेला हिरवा लेप खरवडून विकीत. चित्रकारांना हा रंग प्रिय असे. पण तो विश्वासू नव्हे. जुन्या फारशी हस्तलिखितांत जेथें जंगालाच्या रेघा ओढल्या, तेथें पुष्कळदां कागद करपून तुटलेला आढळतो.

उघड्या हवेंतील तांब्यावर हिरवा रंग एकदम येत नाहीं. प्रथम धातु तपकिरी होतो, मग काळवंडतो, आणि पुष्कळ वर्षांनीं हिरवा होतो. शहरच्या हवेंत गंधकाचा अंश असतो, समुद्रकांठीं मिठाचा, व जमिनींत पुरलेल्या वस्तूस कार्बनिक आम्लाचा संपर्क घडतो. त्या त्या मानानें हिरव्याची छटा बदलते. न्यूयॉर्कच्या बंदरांतील स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६ सालीं उभा राहिला तेव्हां तो तांब्याच्याच रंगाचा होता. त्याचा पत्रा अवघा २.४ मिलिमीटर जाडीचा. वीस वर्षांत त्यावर हिरवें पसरलेलें पाहून १९०६ सालीं पुतळा रंगवून काढण्यासाठीं सरकारांतून पैसा मंजूर झाला. लोकांनीं त्यास विरोध केला. लष्करी इंजिनियरांनीं पाहणी केली, तेव्हां हा थर पत्र्यास खात नसून त्याचें रक्षणच करीत आहे असें ठरलें. बाहेरून रंग देण्याचा बेत सोडून दिला. १९२० पर्यंत पुतळा आपादमस्तक हिरवा झाला, आणि आजही तो तसाच उभा आहे.

मात्र प्रत्येक हिरवा थर असा सज्जन नसतो. पुरलेल्या कांशाच्या वस्तूंत मिठांतील क्लोराइड मुरलेलें असलें आणि बाहेर काढल्यावर तिला दमट हवा लागली, तर तिच्यावर फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके फुटतात आणि धातु आंतून पोखरला जातो. संग्रहालयांतील जाणते लोक यास कांशाचा रोग म्हणतात, आणि अशा वस्तु कोरड्या हवेंत जपतात. तात्पर्य, जंगालाचे दोन स्वभाव आहेत. एक घट्ट बसलेला व निळसर, दुसरा भुकटीसारखा व फिकट. रंगविणाऱ्यास हे दोन्ही ओळखतां आले पाहिजेत.

आतां आजोबांची बाजू पाहूं. कारण ती अगदींच टाकाऊ नाहीं. झेनोफन हा ग्रीक ग्रंथकार सांगतो कीं, स्पार्टाच्या शिपायास लाल वस्त्र आणि कांशाची ढाल देत, कारण कांसें लौकर उजळतें आणि उशिरा मळतें. असा शिपाई हिरवें चिलखत घालून रांगेंत उभा राहिला असता तर त्याची धडगत नव्हती. तेव्हां रंगाची डबी उघडण्यापूर्वीं चिरंजीवांनीं स्वतःस विचारावें: हा शिपाई कोण? मोहिमेवर निघालेला जिवंत माणूस असेल तर त्याच्या चिलखतास खिळ्याच्या बुडाशीं एखादा ठिपका पुरे. परंतु तो एखाद्या प्राचीन थडग्याचा राखणदार असेल, उजाड देवळांतील पुतळा असेल, किंवा आजकालच्या लुटुपुटीच्या लढायांत असते तशी सांगाड्यांची सेना असेल, तर हिरवा रंग हवाच. नव्हे, त्यावांचून तो खोटा दिसेल.

याचें उत्तम उदाहरण ग्रीसमध्येंच आहे. १९६० सालीं डेंड्रा या ठिकाणीं एका थडग्यांत कांशाचें संपूर्ण चिलखत सांपडलें. कातडी वाद्यांनीं एकमेकांस जोडलेले त्याचे पंधरा पत्रे आहेत, आणि त्याचा काळ इ. स. पूर्वींच्या पंधराव्या शतकाचा मानतात. अलीकडे त्याची प्रतिकृति ग्रीक सागरी पलटणींतील १३ सैनिकांनीं अंगावर चढविली आणि अकरा तासपर्यंत प्राचीन युद्धांतील श्रम करून पाहिले. तें नुसतें मिरविण्याचें नसून लढण्याचें चिलखत होतें असा त्यांतून निष्कर्ष निघाला, व तो वृत्तांत २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. प्रतिकृति पिवळी झळकते. मूळ चिलखत नाफ्प्लिओच्या संग्रहालयांत हिरवेंगार उभें आहे. आजोबा पहिल्यासारखें रंगवा म्हणतात, नातू दुसऱ्यासारखें रंगवितो. वाद इतकाच आहे.

एक चूक मात्र आम्हीं पुष्कळ ठिकाणीं पाहिली आहे, ती सांगतों. जंगाल तांब्यावर, पितळेवर व कांशावर येतो. लोखंडावर येत नाहीं. लोखंड गंजतें, आणि गंज तांबडा-तपकिरी असतो. मध्ययुगीन युरोपियन सरदाराचें पोलादी चिलखत हिरवें रंगविणें म्हणजे आंब्याला फणस लावण्यासारखें आहे. त्याच्या कडेला पितळी पट्टी असेल तर हिरवा रंग त्या पट्टीपुरता. आपल्याकडील कांहीं चिलखतांत लोखंडी कड्यांच्या जोडीस पितळी कड्या गुंफीत. तेथेंही हाच विवेक ठेवावा.

आतां कृति. शिपायांचा छंद नवा नव्हे. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यानें १८९३ सालीं पोकळ शिपाई ओतण्याची युक्ति काढली, आणि एच. जी. वेल्स या प्रसिद्ध ग्रंथकारानें १९१३ सालीं अशा शिपायांच्या लढायांचे नियम सांगणारें पुस्तक लिहिलें. आज बहुधा २८ मिलिमीटर मापाचे शिपाई रंगवितात. म्हणजे खऱ्या माणसाचा सुमारें साठावा हिस्सा. हें प्रमाण मनांत ठसलें पाहिजे. शिपायावर एक मिलिमीटर रुंदीचा ओघळ काढला तर तो खऱ्या चिलखतावर सहा सेंटिमीटरांचा होतो. बहुतेकांचें काम बिघडतें तें येथेंच.

शिपाई साबणाच्या पाण्यानें धुवून वाळवावा, सांच्याच्या रेघा बारीक कानशीनें काढाव्या, आणि हाताचा डाग लागूं नये म्हणून तो बाटलीच्या बुचावर चिकटवून घ्यावा. काळ्या किंवा तपकिरी अस्तराचा पातळ हात द्यावा. त्यावर कांशाच्या रंगाचे दोन पातळ हात; एक जाड हात दिला तर कोरीव काम बुजतें. तें वाळल्यावर गडद तपकिरी रंग पाण्यांत पुष्कळ पातळ करून सर्वत्र सोडावा. तो खांचांत उतरतो आणि उंचवट्यांवरून ओसरतो. मग उजळ पितळी रंगानें कडा, खिळ्यांचे माथे व शिरस्त्राणाचा कणा उठवावा. हें सगळें झाल्यावर रात्रभर थांबावें. खरा जंगाल वर्षानुवर्षें थांबून येतो. आपणांस एक रात्र थांबण्यास हरकत नसावी.

दुसऱ्या दिवशीं निळा, हिरवा व थोडा पांढरा मिळवून मोरचुदाच्या खड्याहून फिकट असा रंग सिद्ध करावा. सिटाडेल या इंग्लिश कारखान्याचा ‘निहिलाख ऑक्साइड’ नांवाचा तयार रंगही मिळतो. परंतु घरीं मिसळलेल्या रंगांत छटा आपल्या हातीं राहते. एका भागास पांचसहा भाग पाणी घालून पाणीदार ताकासारखा पातळ करावा. कुंचल्याचें टोंक भरून घेऊन रंग तेथेंच टेकवावा, जेथें पावसाचें पाणी थांबेल: खिळ्यांभोंवतीं, पत्र्यांच्या सांध्यांत, पट्ट्यांच्या खालीं, नक्षीच्या खोलगटांत. रंग जास्त झाला तर कोरड्या कुंचल्यानें लगेच टिपून घ्यावा. नाहीं तर वाळतांना त्याचा कडेस वर्तुळाकार डाग उमटतो, व तो जंगालासारखा न दिसतां सांडलेल्या चहासारखा दिसतो. पहिला हात वाळल्यावर त्याच रंगांत पांढरा वाढवून दुसरा हात पहिल्याहून निम्म्या जागेंत द्यावा. तिसरा, जवळजवळ पांढरा, नुसता सुईच्या अग्राएवढा, अगदीं खोल खांचेंत. एखाददुसऱ्या खिळ्याखालून बारीक ओघळ काढावा. प्रत्येक खिळ्याखालून काढूं नये.

जेथें हात, पट्टा किंवा वस्त्र घासतें तेथें हिरवें येऊं देऊं नये. ढालीची कड, गुडघ्याचा उंचवटा, तलवारीची मूठ येथें धातु दिसलाच पाहिजे. आणि तेथें पितळी रंगाचा कोरडा कुंचला पुन्हां एकदां हलक्या हातानें फिरवावा. शेवटीं रोगण देतांना सर्वत्र निस्तेज रोगण देऊं नये, त्यानें धातूची चकाकी मरते. धातूस किंचित् तकतकीत आणि जंगालास निस्तेज, असें दोन प्रकारचें रोगण दिलें म्हणजे एक पत्रा व दुसरी भुकटी आहे हें डोळ्यास न सांगतां कळतें.

दुसरा प्रश्न विषाचा. वरील रंग पाण्यांत कालविण्याचे ॲक्रिलिक रंग आहेत, व त्यांत खरा जंगाल वापरावयाचा नसतो. खरा जंगाल विषारी आहे. व्हिनेगर किंवा अमोनिया लावून शिपायावर तो आणण्याचा उद्योग मुलांनीं करूं नये. जुने शिपाई शिशाचे असतात. आंबट वाफेनें त्यांच्यावर पांढरी भुकटी येते व ते झडून जातात. म्हणून ते व्हिनेगरजवळ किंवा ओकच्या लाकडाच्या बंद कपाटांत ठेवूं नयेत. ते हाताळल्यावर व घासल्यावर हात साबणानें धुवावे, कानशीची पूड फुंकूं नये, ओल्या फडक्यानें टिपावी. कुंचल्याला टोंक आणण्यासाठीं तो ओठांत धरण्याची संवय पुष्कळांस असते, ती आजच सोडावी. जेवणाच्या ताटवाट्यांत रंग कालवूं नये, हें सांगण्याची जरूरी नसावी. पण आमच्या घरीं सांगावें लागलें, म्हणून सांगतों.

आतां तिसरा प्रश्न, आणि आमची गोष्ट.

आमच्या थोरल्या वहिनींनीं चाळीस वर्षें घरांतील तांब्यापितळेकडे पाहिलें. दिवाळी चार दिवसांवर आली कीं मोठें तांब्याचें घंगाळ अंगणांत यावयाचें, आणि चिंच-मीठ घेऊन त्या स्वतः तें घासावयाच्या. कामाच्या बाईस त्यांनीं त्याला कधीं हात लावूं दिला नाहीं. नरकचतुर्दशीस पहांटे त्या घंगाळांतील पाण्यांत दिव्याचें प्रतिबिंब दिसे. त्यांना जाऊन तीन वर्षें झालीं. घंगाळ माळ्यावर गेलें. पाणी तापविण्याचें यंत्र घरांत होतेंच, बादल्याही होत्या. कोणाचें कांहीं अडलें नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत एका दुपारीं आम्ही वामकुक्षी आटोपून बाहेर आलों तों त्यांचा नातू, वय वर्षें पंधरा, माळ्यावरून तें घंगाळ काढून खिडकींत आडवें ठेवून बसलेला. समोर एक शिपाई, हातांत कुंचला, आणि घंगाळाचा कांठ पाहून पाहून तो शिपायाच्या चिलखतावर हिरवे ठिपके देत होता. घंगाळ ओळखूं येत नव्हतें. बूड काळें पडलें होतें आणि कांठाखालीं हिरव्याचे पट्टेच्या पट्टे उठले होते. आमच्या मस्तकाची शीर उठली. ‘ज्या वस्तूला तुझ्या आजीनें जन्मभर डाग लागूं दिला नाहीं, तिच्या डागांचें तूं चित्र काढतोस?’ असें आम्ही मोठ्यानें बोललों. घरांतील मंडळी बाहेर आली.

मुलानें कुंचला खालीं ठेवला. तो म्हणाला, ‘भाऊआजोबा, डाग मीं नाहीं पाडले. हें पाहा ना, कडीच्या खिळ्यांपाशीं सगळ्यांत जास्त हिरवें आहे, कारण तिथें पाणी राहतं. पण ही कडी वरून अजून गुळगुळीत आहे. आजी इथेंच धरायची.’

आम्हीं पाहिलें. कडीचा वरचा भाग खरोखरच झिजून बारीक झाला होता. तपकिरी पडला होता, पण खरखरीत झाला नव्हता. चाळीस वर्षें आम्ही त्या घंगाळांतील पाण्यानें न्हालों. वहिनी तें कोठें धरीत हें आम्हांस ठाऊक नव्हतें. पंधरा वर्षांच्या मुलाला तें शिपाई रंगवितां रंगवितां दिसलें. आणि तो म्हणाला तें खरें होतें. डाग त्यानें पाडले नव्हते. तीन वर्षें घंगाळ माळ्यावर ठेवून कोणी हात लावला नाहीं, त्या ‘कोणी’ मध्यें घरांतील वडील म्हणून आमचें नांव पहिलें. मुलावर आलेला राग वास्तविक कोणाचा होता, हें आम्हांस त्या वेळीं कळलें. तसें त्याच्यापाशीं कबूल करण्यास आम्हांस दोन दिवस लागले, हेंही सांगून टाकतों.

तिसऱ्या दिवशीं सूनबाईंनीं चिंच भिजत घातली. मुलगा व आम्ही असे दोघेही अंगणांत बसलों. आंबटानें मळ सुटतो आणि न धुतल्यास त्याच आंबटानें पुन्हां हिरवें चढतें, हें त्याला आम्ही सांगूं शकलों. कोणत्या खांचेंतला जंगाल शेवटपर्यंत निघत नाहीं, हें त्यानें आम्हांस दाखविलें. घंगाळ पूर्वीसारखें झालें असें म्हणवत नाहीं. खिळ्यांच्या बुडाशीं थोडें हिरवें अजून आहे. परंतु त्या दिवाळीस तें अंगणांत आलें. त्या मुलाचा तो शिपाई आमच्या लिहिण्याच्या टेबलावर असतो. त्याचें चिलखत सांध्यांत हिरवें आहे आणि खांद्याशीं, जेथें हात लागावा तेथें, झिजून उजळ आहे.

म्हणून, भगिनी, आपण मामंजींपुढें पेटी मागण्यास एकट्या जाऊं नका. प्रथम चिरंजीवांस सांगा कीं, आठवडाभर देवाचीं उपकरणीं त्यांनीं स्वतः घासावीं, आणि जंगाल कोठें धरतो, कोठें धरत नाहीं, हें नीट पाहावें. मग तेंच ताम्हन घेऊन त्यांनीं आजोबांपाशीं बसावें आणि विचारावें: मीं शिपायावर हिरवा रंग दिला तो जागच्या जागीं आहे काय? आपल्या मामंजींनीं तांबें जितकीं वर्षें पाहिलें आहे, तितकें कोणत्याही रंगाच्या कारखानदारानें पाहिलें नसेल. ते शिपाई हातांत घेतील, चष्मा मागतील, आणि बहुधा दोन ठिकाणीं चूक काढतील. चूक दाखविण्यासाठीं शिपाई पेटींतून काढावा लागतो, आणि पेटी कुलपांतून.

पुढें काय झालें तें आम्हांस अवश्य कळवावें.